कोकराला काट्यावर घालत नाहीत

अंजना पुकळे हातात दिलेली कुठलीही वस्तू आधी बघायची आणि मग घ्यायची. विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत ती भाड्यानं राहायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला साखरेची वाटी दिली. तिनं त्यातली चिमूटभर जिभेवर टाकली. मला रागच आला.

"मी काय तुला मीठ देणार आहे का गं?"

"तुम्ही नाही देणार, काकू. पण तुमच्या फळीवर दोन्ही डबे सारखेच आहेत."

ते खरं होतं. माझे यजमान विष्णुपंत गेल्यापासून डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदललेल्या नव्हत्या, आणि जुन्या गळून पडल्या होत्या.

ही सवय तिला वडिलांकडून आली होती. नाथाजी पुकळे माण तालुक्यातले, म्हसवडच्या पुढच्या एका वाडीवरचे मेंढपाळ. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडताना ते तोंडाशी उकिडवे बसत आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत. लंगडं असलं की बाजूला, खरूज असली की बाजूला, दुसऱ्याच्या कळपातलं चुकून आलं असलं की बाजूला. एक खरुजलेलं मेंढरू आत गेलं तर आठवड्यात सगळा कळप अंग घासत फिरतो. म्हणून जे बघायचं ते दारातच बघायचं, आत गेल्यावर नाही. लहानपणी अंजना त्यांच्याशेजारी बसून कोकरांच्या पाठीवरून हात फिरवायची.

पुढे ती इस्लामपूरला इंजिनियर झाली आणि सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. कंपनीचा मालक ऋषिराज. त्याच्या वडिलांचा सहकारात शब्द चाले, आणि त्या शब्दावर ऋषिराजला माणच्या मेंढपाळ संस्थेचं काम मिळालं होतं. संस्थेच्या सभासदांसाठी मोबाईलवरचं ॲप करायचं होतं. कुठल्या जनावराला कुठलं औषध किती पाजायचं, ते ॲपनं सांगायचं. संस्थेचे अध्यक्ष नानासो. त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून ऋषिराजनं अंजनाला घेतलं. मुलाखतीत त्यानं तिला एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे तू त्यांच्यातलीच ना?"

ती काय करते हे मी एकदा भाजी निवडताना तिला विचारलं. तिनं माझ्या फळीकडे बोट दाखवलं.

"काही भाषांत प्रत्येक डब्यावर आधी लिहावंच लागतं, की यात साखर, यात मीठ. चुकीचा डबा पुढे केला की ती भाषाच हात धरते. आम्ही पायथनमध्ये लिहितो. तिथं डब्यावर नाव नसतं. फंक्शन म्हणजे एक छोटं काम समजा. वजन आणि औषधाचं नाव आत आलं की डोस बाहेर येणार. पण वजन म्हणून आत नक्की काय आलं, हे ती भाषा विचारत नाही. अंक आला तरी घेते, अक्षरं आली तरी घेते, काहीच आलं नाही तरी घेते."

"आणि मग?"

"मग आत जाऊन बिघडतं. कुठे बिघडलं ते कळतसुद्धा नाही. म्हणून मी प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी आधी तपासते. आलंय ते अंक आहे का? शून्यापेक्षा जास्त आहे का? सगळ्यात मोठ्या मेंढ्यापेक्षा कमी आहे का? नसेल तर तिथंच थांबायचं आणि का थांबलो ते सांगायचं."

"वाघरीच्या तोंडाशी बसल्यासारखं," मी म्हटलं. ती नुसती हसली.

कंपनीत मात्र त्या तपासण्यांची थट्टा चाले. तिच्या वरच्या हुद्द्यावरचा मुलगा निमिष सांगलीतल्या जुन्या घराण्यातला, वाचनबिचन असलेला, आणि बोलायला फार गोड. त्यानं तिच्या तपासण्यांना कुत्री म्हणायला सुरुवात केली. कुणी चाचणी घेताना चुकीचं काही टाकलं आणि ॲप थांबलं, की तो खुर्चीतूनच ओरडे, "अंजना, तुझं कुत्रं भुंकलं गं!" बाकीचे हसत. पहिल्यांदा तीही हसली. मग कुणीतरी तिच्या टेबलावर कुत्र्याचा पट्टा आणून ठेवला. त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही. मला कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

निमिषनं आणखी एक केलं. अंजना प्रत्येक तपासणी चार-पाच ओळींत, सविस्तर लिहीत असे. तो म्हणाला, "एवढं रामायण कशाला? असर्ट वापर. एका ओळीत होतं." असर्ट हा त्या भाषेतला आखूड शब्द. 'हे खरं असलंच पाहिजे, नाहीतर थांब,' एवढाच त्याचा अर्थ. अंजनानं सगळ्या तपासण्या बसून पुन्हा लिहिल्या. वरच्यानं सांगितलं की करायचं, एवढं ती नोकरीत शिकली होती.

आता कोकरांबद्दल सांगायला हवं. त्या बाजूचे मेंढपाळ कोकराला काट्यावर घालत नाहीत. वजनाचा काटा कसायाचा. जे जनावर एकदा काट्यावर चढलं ते परत कळपात येत नाही, हे पिढ्यान् पिढ्या बघितलेलं. म्हणून मोठ्या मेंढीचं वजन ते अंदाजानं सांगतील, पण कोकराचं वजन कुणी विचारलं तर 'मांडीएवढं' म्हणतील, 'मांजराएवढं' म्हणतील. आकडा तोंडातून काढणार नाहीत. अंजनाला हे माहीत होतं. कोकराच्या रकान्यात आकडा येणार नाही, शब्द येतील, हे कंपनीत फक्त तिलाच माहीत होतं. म्हणून तिथला पहारा तिनं सगळ्यांत कडक ठेवला होता. आकडा आला नाही तर ॲपनं डोस सांगायचाच नाही, उलट लिहायचं: 'वजन कळल्याशिवाय कोकराला औषध पाजू नका.' शिवाय दोरीनं छातीचा घेर मोजून वजन काढायची युक्ती तिनं सुचवली होती. दोरीला कुणाची हरकत नसते. ऋषिराज म्हणाला, "दोऱ्या-बिऱ्या नंतर बघू."

नानासो ॲप बघायला सांगलीला आले त्या दिवशी कंपनीत पेढे आणले होते. ऋषिराजनं त्यांच्या हातात मोबाईल दिला. नानासोंनी चष्मा वर केला, कोकरू निवडलं, जंताचं औषध निवडलं आणि वजनाच्या जागी सावकाश टाईप केलं, 'मांडीएवढं.' ॲप थांबलं. 'वजन अंकात लिहा. वजन कळल्याशिवाय कोकराला औषध पाजू नका.'

नानासोंनी ते दोनदा वाचलं.

"मला अडाणी म्हणतंय व्हय रं हे?"

"छे, छे, नानासाहेब!"

"मग? साठ वरसं मेंढरात गेली माझी. आन् हे मला सांगतंय, पाजू नका?"

निमिष पुढे झाला. "साहेब, हे आमच्या अंजनाचं काम. तिला पहारे ठेवायची फार हौस."

ऋषिराज अंजनाकडे वळला. "माफी माग."

ती म्हणाली, "सर, कोकराला मोठ्या मेंढीचं औषध गेलं तर..."

"मी काय सांगितलं?"

तिनं नानासोंच्या पायाला हात लावून माफी मागितली. नानासो विरघळले. "असू दे, असू दे. पुकळ्याची नं तू? नाथाजीची? तुझा बा तर लय गरीब माणूस." मग पेढे वाटले गेले. ते गेल्यावर ऋषिराज सगळ्यांसमोर म्हणाला, "एक गोष्ट लक्षात ठेवा. आपलं ॲप गिऱ्हाइकाला कधीच नाही म्हणणार नाही. काहीही टाका, उत्तर आलंच पाहिजे."

हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं आणि पोळी फाटत होती. "काकू, माझ्या तपासण्या काढून टाकतील हो."

दुसऱ्या दिवशी तिनं निमिषला विचारलं. तो म्हणाला, "अगं, तुझे पहारे आहेत तिथंच आहेत. एका अक्षराला हात लावलेला नाही मी."

ते खोटं नव्हतं. तिनं उघडून पाहिलं, सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. ती निर्धास्त झाली.

महिन्याभरानं म्हसवडला ॲपचं उद्घाटन झालं. ऋषिराजच्या सांगण्यावरून अंजनाला नऊवारी नेसावी लागली आणि कपाळाला भंडारा लावून फोटोसाठी एक कोकरू उचलून उभं राहावं लागलं. "तुमच्याकडचा वेश हवा," तो म्हणाला होता. निमिषनं फोटो काढला. अंजनानं मलाही सोबत नेलं होतं. नाथाजी पहिल्या रांगेत बसले होते. माझा आणि त्यांचा परिचय त्याच दिवशी झाला. उंच, वाळके, पांढरा फेटा. मला म्हणाले, "आवं बाई, माजी पोरगी आता माणदेशातल्या समद्या कोकरांचं औषध सांगनार." असं म्हणताना ते दोनदा उठले आणि दोनदा बसले.

नाथाजींची एक रीत होती. नवीन औषध आलं की ते आधी एका म्हाताऱ्या मेंढीला पाजायचं, काही दिवस तिचं खाणं, चालणं, लेंड्या बघायच्या, आणि मगच बाकीच्यांना. त्यांच्या वडिलांचीही तीच रीत. वाडीवरचे लोक त्याला हसत, पण रोग आला की पुकळ्यांचंच पाहून औषध पाजत.

या वेळी जंताचं औषध नवं होतं, संस्थेनंच वाटलेलं. नाथाजींनी मोबाईल घेतला, कोकरू निवडलं, वजनाच्या जागी लिहिलं, 'मांडीएवढं.' ॲपनं लगेच उत्तर दिलं. किती मिलि पाजायचं ते मोठ्या ठळक अक्षरांत आलं.

अंजनाची आई मंगल म्हणाली, "आदी म्हातारीला पाजा की एक डाव. नेमीसारकं."

"अगं, अंजीनं केल्यालं हाय. ती मापात चुकती व्हय?"

"चुकत न्हाई. पर नेम तो नेम."

"लेकीच्या कामाला म्हातारी मेंढी लावून बघू म्हंतीस? लोकं काय म्हंतील?"

त्यांनी सगळ्या कोकरांना पाजलं. नुसतं पाजलं नाही, तर वाडीवर सांगत फिरले. तानाजी म्हणून त्यांचा शेजारी होता, थंडीत चाऱ्यासाठी पश्चिमेला उतरताना दोघांचे कळप एकत्रच चालत. त्याला म्हणाले, "बिनघोर पाज रं गड्या. पोरीचं हाय."

मंगलचा फोन आला तेव्हा अंजना माझ्याकडे चहा घेत होती. फोन स्पीकरवर होता.

"अंजे, कोकरं सूर्याकडं बघत्यात गं."

"म्हंजे?"

"उनाकडं तोंड करून हुबी हायत. डोळं मिटत न्हाईत. हात हलवला तरी पापनी लवत न्हाई. पान्याच्या डोणीला धडकत्यात."

अंजनानं एकच प्रश्न विचारला. "आई, औषध किती पाजलं?"

मंगलनं आकडा सांगितला. तो मोठ्या मेंढीचा डोस होता, आणि त्या कोकरांना तो चौपट होत होता.

कप तसाच टाकून ती कंपनीत गेली. ॲपवर कोकरू निवडून तिनं स्वतः लिहिलं, 'मांडीएवढं.' ॲप थांबलं नाही. मोठ्या मेंढीचा डोस आला. तिनं 'दगड' लिहिलं. मोठ्या मेंढीचा डोस आला. काहीच लिहिलं नाही, तरी तोच. तिच्या तपासणीच्या ओळी मात्र जागच्या जागी होत्या.

मग तिला सापडलं. त्या भाषेत एक सोय आहे. प्रोग्राम सुरू करताना एक छोटी खूण लावली की सगळे असर्ट एकदम झोपतात. लिहिलेले दिसतात, पण वाचले जात नाहीत. निमिषनं उद्घाटनाच्या आधी ती खूण लावली होती. आणि आत पुढे काही अडलंच तर थांबू नये म्हणून एक ओळ स्वतः लिहिली होती, की हिशेब जमला नाही तर मोठ्या मेंढीचा डोस दाखव. तिनं पूर्वी चार-चार ओळींत लिहिलेले पहारे असे झोपत नसत. ते तिनं त्याच्याच सांगण्यावरून मोडले होते.

ती त्याच्या टेबलाशी गेली.

"तुम्ही पहारे झोपवले."

"मी? मी तुझ्या कोडला हात लावला नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं." निमिषनं खुर्ची वळवली. "आणि बाई, असर्टनं कुणी पहारा बसवतं का? असर्ट असतो आपल्या आपल्यात चाचणी घ्यायला. ते बंद करता येतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तुला माहीत नव्हतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, असर्ट वापर."

"ओळी कमी कर म्हटलं होतं. डोकं कमी कर नव्हतं म्हटलं."

दोघं-तिघं हसले. संध्याकाळी ती मला म्हणाली, "काकू, वाईट याचं वाटतं की तो बोलला ते खरं आहे. असर्टवर जीव टांगायचा नसतो. पुस्तकात पहिल्या पानावर असतं."

तालुक्याचे गुरांचे डॉक्टर वाडीवर आले. त्यांनी एकेका कोकराच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि बॅटरी खिशात टाकली. या औषधाचा डोस फार वाढला की डोळ्यामागची नस सुजते आणि मरते. त्याला उतारा नाही. मरणार नाहीत, म्हणाले, खातील-पितील. दिसणार मात्र नाही. नाथाजींची सगळी कोकरं, तानाजीची निम्मी, आणखी दोन-तीन कळपांतली काही.

नानासोंनी म्हसवडला सभा बोलावली. निघण्याआधी ऋषिराजनं अंजनाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तू बोलायचंस. तू त्यांच्यातली आहेस, तुला हात लावणार नाहीत." तिनं मला सोबत चला म्हणून विनवलं. मी गेले.

समाजमंदिरात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. नाथाजी भिंतीला टेकून खाली बसले होते. ऋषिराज आणि निमिष पुढे खुर्च्यांवर. अंजना उभी राहिली.

"कोकराचं वजन अंकात आलं नाही तर थांबायचं, असं मी लिहिलं होतं," तिनं सुरुवात केली. "नानासोंनी ते पाहिलंय. पण नंतर त्या तपासण्या झोपवल्या..."

निमिष बसूनच, अगदी हळुवारपणे म्हणाला, "अंजना, त्या तपासण्या कुणी लिहिल्या होत्या?"

"मी."

"झोपवता येतील अशाच कुणी लिहिल्या?"

"मी. पण तुम्ही..."

"आणि झोपल्यात की जाग्या आहेत, हे उद्घाटनाआधी एकदा चालवून कुणी बघायला हवं होतं?"

तिथं बसलेल्यांना असर्टमधलं काही कळत नव्हतं. त्यांना 'मी' एवढंच ऐकू आलं होतं, तेही दोनदा.

तानाजी उठला. त्याच्या काखेत एक कोकरू होतं. त्यानं ते अंजनाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं. कोकरू चार पाय फाकून उभं राहिलं आणि मान वर करून हवा हुंगू लागलं.

"हात हलीव," तानाजी म्हणाला.

"तानाजीकाका..."

"हलीव की. त्याच्या डोळ्याफुडं हलीव. लय शिकल्याली हायस, बघ तरी तुजं काम."

तिनं हात हलवला. कोकरानं पापणी लववली नाही. हाताचा वास आला तसं मात्र ते पुढे आलं आणि तिचं बोट चोखायला लागलं. मागून बायकांतून कुणीतरी म्हणालं, "हिच्या हाताला चिकटतंय बघा, मेलं." तानाजी पुन्हा म्हणाला, "हलीव." तिनं पुन्हा हलवला. नानासो बघत होते. त्यांनी त्याला थांबवलं नाही.

थांबवलं नाथाजींनी. ते भिंतीला धरून उठले. फेटा काढून हातात घेतला.

"पोरीला काय बोलू नका. चूक माजी हाय."

"आबा, बसा तुम्ही," अंजना म्हणाली.

"तू गप." ते नानासोंकडे वळले. "आमच्यात रीत हाय. नवं औशिद आदी म्हाताऱ्या मेंढीला पाजायचं, आन् थांबायचं. म्या थांबलो न्हाई. घरात सांगत हुतं, तरी थांबलो न्हाई. तानाजीला बी म्याच सांगितलं, बिनघोर पाज म्हणून. पोरीचं काय चुकलं न्हाई, माजं चुकलं."

अंजना ओरडली, "आबा, तसं नाही हो ते!" पण ऋषिराज तोपर्यंत उभा राहिला होता. त्यानं नाथाजींना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"बघा," तो सभेला म्हणाला, "याला म्हणतात माणूस. स्वतःच्या तोंडानं सांगताहेत. आम्ही ॲप देतो. वापरताना आपली रीत सोडली, खात्री केली नाही, तर ॲप काय करणार? तरीही यापुढे आम्ही ॲपमध्येच लिहू, की औषध आधी एका जनावराला पाजून बघावं."

निमिषनं लगेच ते मोबाईलवर टिपून घेतलं.

मग सगळं नाथाजींवर वळलं. तानाजीला आता कुणाला धरायचं ते कळलं होतं. "म्हंजे तुला ठावं हुतं, आन् तरी मला पाज म्हणालास?" नाथाजी मान खाली घालून "व्हय" म्हणाले. प्रत्येक प्रश्नाला ते "व्हय" म्हणत गेले. त्यांना वाटत होतं, आपण जितक्या वेळा व्हय म्हणू तितकी पोरगी सुटेल. शेवटी नानासोंनी निकाल दिला. कंपनीशी संस्थेचं काही भांडण नाही. यंदा थंडीत कळप पश्चिमेला उतरतील तेव्हा नाथाजीनं मात्र कुणाच्या संगतीनं चालू नये, आपली वाट आपण बघावी.

मी शहरात वाढलेली बाई, मला तेव्हा त्याचा अर्थ नीट समजला नाही. बाहेर आल्यावर मंगलनं सांगितला. एकट्या कळपाला वाटेत पाणी मिळत नाही, शेतात बसायला जागा मिळत नाही, आणि लांडगा आला तर हाकेला कुणी येत नाही.

अंजना दुसऱ्या दिवशी कंपनीत गेली. दारावर बोट लावायचं यंत्र आहे. तिनं बोट लावलं तर लाल दिवा लागला. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा लाल. काचेच्या आतून निमिषनं तिला पाहिलं आणि हातानंच 'थांब' अशी खूण केली. मग तिचा डबा, छत्री आणि तो कुत्र्याचा पट्टा एका पिशवीत घालून शिपायाकडून बाहेर पाठवला. ऋषिराजनं नंतर फोनवर सांगितलं की संस्थेच्या भावना लक्षात घ्याव्या लागतात. तिच्या वडिलांनी चूक कबूल केल्यावरही का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "त्यांनी केली ना. मग आता तुझा विषयच कुठे राहिला?"

ती वाडीवर निघून गेली. महिन्याभरानं तिचं राहिलेलं सामान घेऊन मी भाड्याच्या गाडीनं गेले. मला तिथून पुढे पाचगणीला शाळेतल्या मैत्रिणीकडे जायचं होतं. आंधळी कोकरं वाघरीत एकमेकांना चिकटून उभी होती. अंगानं वाढली नव्हती. मंगल आत जाताना तोंडानं आवाज करायची, म्हणजे ती सगळी एकदम तिच्याकडे वळायची. त्यांना घेऊन पश्चिमेची वाट चालणं शक्य नव्हतं, आणि सोबतीशिवाय तर नाहीच. लोणंदच्या बाजाराला न्यायचं ठरलं होतं. टेम्पो लावलेला होता. लोणंद माझ्या वाटेवरच, म्हणून आम्ही बरोबरच निघालो.

बाजारात कसायाचा काटा नव्या पद्धतीचा होता, पत्र्याचा चौकोन आणि वर लाल आकडे. नाथाजी टेम्पोच्या पलीकडे जाऊन पाठ करून बसले. धन्यानं बघायचं नसतं. काट्याशी कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. कसाई हाक मारत होता, "चला, चला, कोन घालतंय?"

अंजनानं पहिलं कोकरू उचललं. ते तिच्या दंडाला नाक लावून शांत झालं. ती काट्याजवळ गेली आणि थांबली.

"घाल की बाई, काय बघतीस?"

"काटा शून्यावर नाही," ती म्हणाली.

खरोखरच नव्हता. रिकाम्या पत्र्यावर शून्याच्या खालचा, उणे आकडा दिसत होता. कसायानं जीभ चावली, हसला, आणि बटण दाबून शून्य केलं. नाथाजींच्या दिशेनं ओरडून म्हणाला, "पावणं, लय हुशार हाय की पोरगी तुमची!"

नाथाजींनी वळून पाहिलं नाही. "व्हय," ते म्हणाले.

अंजनानं शून्य पुन्हा एकदा बघितलं आणि कोकरू काट्यावर ठेवलं.

"आठ," कसाई म्हणाला. "पुढचं."